इंजिन आधी, ब्रेक मागून

छावणीतल्या आमच्या घराच्या अंगणात एक जीप उभी आहे. कागदोपत्री १९६८ सालची महिंद्राची सीजे-थ्री-बी, पण तिच्यात १९६८ चं नक्की काय उरलंय हा वादाचा विषय आहे. मोठ्या काकांनी ती लष्कराच्या लिलावातून उचलली आणि गॅरेजवाल्या उस्तादांना हाताशी धरून घरीच पुन्हा बांधून काढली. गेल्या शनिवारी काकांनी नवीन टूम काढली, "यात आता टर्बोवालं इंजिन टाकू." मी म्हटलं, "काका, आधी ब्रेक बघा." झालं, पेटलं! त्या भांडणाच्या तयारीसाठी जे वाचलं, ते इथे उतरवतोय.

मंडळी, जीपचा जन्मच मुळी इंजिनाच्या डागडुजीतून झालाय. १९३० च्या दशकात विलीज कंपनीकडे ४८ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. जरा पिळलं की दम तोडायचं. बार्नी रूस या मुख्य इंजिनिअरने एकेक गोष्ट सुधारत त्याच २.२ लिटरमधून ६० अश्वशक्ती काढली. अमेरिकन सैन्याचं कंत्राट विलीजला मिळण्यात या इंजिनाचा मोठा वाटा. ब्रेक मात्र साधेच : चारही चाकांना ९ इंची ड्रम, एक मास्टर सिलिंडर, एकच लाईन. कुठेही पाईप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले!

१९४९ साली मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात झाली, तीसुद्धा बाहेरून आलेल्या सुट्या भागांतून. म्हणजे आपली जीप जन्माने किट कारच म्हणायची. १९५३ मध्ये अमेरिकेत सीजे-थ्री-बी आली. इनलेट व्हॉल्व्ह ब्लॉकमधून हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. तिचं ते भलंमोठं कपाळ त्यामुळेच. ताकद सत्तरीच्या पुढे गेली. आणि ब्रेक? तेच ९ इंची ड्रम. गंमत म्हणजे त्याच १९५३ साली जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मॉंची २४ तासांची शर्यत मारली होती. म्हणजे उपाय जगाला सापडला होता, फक्त जीपपर्यंत पोचला नव्हता.

मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि पेट्रोल परवडेना. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. (४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, म्हणून ४.९०. आमच्या जातीचं नामकरण हे असंच!) काकांनी भंगारातून तेच इंजिन आणलं, बसवलं, आरसी बुकात रीतसर नोंदही करून घेतली.

इथे एक गोम आहे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेलमध्ये हवा अडवणारी ती झडप सहसा नसते. बूस्टर हवा असेल तर वेगळा व्हॅक्युम पंप लावावा लागतो. आमच्या जीपला बूस्टरही नव्हता आणि पंपही नव्हता. होता तो फक्त काकांचा उजवा पाय.

२००६ ची दिवाळी. मी तेव्हा चौथीत होतो. चाळीसगावला आत्याकडे निघालो होतो, जीपमध्ये आम्ही नऊ जण. कन्नडच्या पुढे औट्रम घाट सुरू झाला आणि काकांनी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. अर्ध्या घाटात जळका वास आला. मग काका पेडल दाबतायत आणि ते खाली जातंय, परत दाबतायत, परत खाली. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या ब्रेक शूंपासून लांब जातो. शिवाय तापलेलं लायनिंग पकडही सोडतं. (डिस्क तापली तर जाड होऊन पॅडकडेच सरकते.) हे सगळं मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. त्या दिवशी फक्त आईची बोटं दंडात रुतलेली कळली.

वाचलो ते हँडब्रेकमुळे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यामुळे तो थंड होता. काकांनी कसाबसा दुसरा गिअर अडकवला, हँडब्रेक ओढला, आणि जीप कठड्याला घासत थांबली. नंतर अर्धा तास कुणीच काही बोललं नाही. काकू खाली उतरल्या त्या परत जीपमध्ये बसल्याच नाहीत, मागून आलेल्या एसटीने गेल्या.

असो. टर्बोला कायद्याचीही आडकाठी आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी स्पष्ट सांगितलं की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही. सांगलीतल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप आठवते? डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच लिहिलं होतं की ही नियमात बसत नाही, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. तो व्हिडिओ बघताना मी पहिल्यांदा तिचे ब्रेकच शोधले होते!

हे सगळं काकांना ऐकवलं. ते म्हणाले, "घाटात थांबवली होती की नाही मी?" मी गप्प. संध्याकाळी उस्ताद आले. त्यांनी काही न बोलता मागचं उजवं चाक काढलं, ड्रम ठोकून सैल केला. आतलं लायनिंग एक्सलच्या तेलात भिजून काळं पडलं होतं. काकांनी ते हातात घेतलं, बोटाने पुसलं, वास घेतला. मग चष्मा लावून पाकिटातली जुनी स्पेअर पार्टवाल्याची चिठ्ठी शोधायला लागले.