देशमुख आडनाव आलं कुठून? सगळे देशमुख एकाच घराण्यातले असतात का?

अमरावती किंवा अकोल्यातल्या कुठल्याही शाळेचा हजेरीपट उघडा, त्यात एखादा तरी देशमुख सापडेलच. मग ओघाने प्रश्न येतो, “तुम्ही कोणत्या गावचे देशमुख?” हा प्रश्न विचारावा लागतो, कारण नुसतं देशमुख म्हटल्याने घराणं कळत नाही. देशमुख हे मुळात कुळाचं नाव नाही, ते एका हुद्द्याचं नाव आहे.

शब्दाचा अर्थ काय?

देश आणि मुख या दोन शब्दांपासून देशमुख तयार झाला. मुख म्हणजे प्रमुख. पण इथला देश म्हणजे भारत नव्हे. जुन्या कारभारात अनेक गावं मिळून एक परगणा होत असे आणि त्या मुलखाला देश म्हणत. त्याचा मुख्य वतनदार तो देशमुख.

देशमुखाचं काम काय होतं?

गावाचा सारा गोळा करायचा पाटलाने. परगण्यातल्या सगळ्या गावांचा वसूल सरकारपर्यंत पोचवायची जबाबदारी देशमुखाची. ओसाड पडलेली गावं पुन्हा वसवायची, पडीक जमीन वहितीखाली आणायची, मुलखात बंदोबस्त ठेवायचा, हीही कामं त्याच्याकडेच. त्यासाठी तो पदरी शिबंदी बाळगायचा.

त्याच्या जोडीला हिशेब आणि दप्तर सांभाळणारा देशपांडे असे. गावात जसे पाटील आणि कुलकर्णी, तसे परगण्यात देशमुख आणि देशपांडे. वऱ्हाडात गावच्या कुलकर्ण्याला पांडे म्हणायची पद्धत होती, हे लक्षात घेतलं की देशपांडे या आडनावाचाही उलगडा होतो.

या कामाबद्दल देशमुखाला वसुलातला ठरलेला वाटा म्हणजे रुसूम, इनाम जमीन आणि सणासमारंभातला पहिला मान मिळायचा. वऱ्हाडातल्या काही गावांत आजही दिसणाऱ्या मातीच्या गढ्या अशाच वतनदारांच्या सत्तेच्या खुणा आहेत.

राजे बदलले, देशमुख राहिले

वऱ्हाडावर आधी बहमनी सत्ता होती. नंतर अचलपूरहून इमादशाहीने राज्य केलं. १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीने बुडवली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराकडे गेलं. पुढे हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघांनीही इथून वसूल नेला. पण गावात जाऊन सारा वसूल करायला ओळखीचा माणूस प्रत्येकाला लागायचाच, म्हणून देशमुखाला सहसा कुणी हलवलं नाही.

वतन वंशपरंपरेने चालायचं आणि भावाभावांत त्याचे वाटेही पडायचे. काम कदाचित एकच भाऊ बघायचा, पण देशमुख सगळे म्हणवायचे. एका वतनातून पुढे देशमुखांची अनेक घरं झाली ती अशी.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. इंग्रजांनी जमिनीची मोजणी करून शेतकऱ्याशी थेट सारा ठरवायला सुरुवात केली, तेव्हा मधल्या देशमुखाची गरज उरली नाही. त्याच सुमारास शाळा, कोर्ट आणि जमिनीच्या कागदांत प्रत्येकाला कायमचं आडनाव लागू लागलं. हुद्दा गेला, पण त्याचं नाव आडनाव होऊन कागदावर राहिलं.

मग मूळ आडनाव कोणतं?

अनेक देशमुख घराण्यांचं आधीचं आडनाव वेगळंच आहे. सगळ्यात जवळचं उदाहरण डॉ. पंजाबराव देशमुख यांचं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ मध्ये जन्मलेले, श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी करणारे आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले भाऊसाहेब. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाने आहे. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव कदम.

दुसरं उदाहरण पुण्याचं. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचं मूळ आडनाव सिधये. देशमुखीचं वतन मिळालं म्हणून घराणं देशमुख झालं. कदम मराठा, सिधये चित्पावन ब्राह्मण, आडनाव मात्र एकच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते. मुसलमान देशमुखही आहेत.

हे फक्त आपल्याकडेच घडलं का?

नाही. गुजरात, कर्नाटक आणि दक्षिण कोकणात जवळपास याच हुद्द्याला देसाई म्हणत. स्कॉटलंडमध्ये राजाच्या घरचा कारभार पाहणाऱ्या स्टीवर्ड या अधिकाऱ्याचं घराणं स्टुअर्ट झालं आणि पुढे गादीवरही बसलं.

पण आठवणी सगळीकडे मानाच्याच नाहीत. शेजारच्या तेलंगणात देशमुख म्हणजे वेठबिगारी करून घेणारा जमीनदार, अशी ओळख झाली होती. १९४६ ते १९५१ या काळात तिथल्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध सशस्त्र लढा दिला.

आज याचा उपयोग काय?

सोशल मीडियावर आडनाव बघून जात ठरवणाऱ्या पोस्ट रोज फिरतात. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौधरी, देसाई या आडनावांच्या बाबतीत तर तो हिशेब हमखास चुकतो. ही पूर्वजांच्या कामाची किंवा हुद्द्याची नावं आहेत आणि एकच काम वेगवेगळ्या जातीधर्मांतल्या घराण्यांकडे होतं. दोन घरं देशमुख आहेत एवढ्याने ती भावकी ठरत नाहीत. म्हणूनच सोयरीक जुळवताना जाणती माणसं आडनावावर थांबत नाहीत. मूळ आडनाव, गाव, कुलदैवत आणि देवक विचारतात.

तुमचं आडनाव देशमुख असेल आणि मूळ नाव ठाऊक नसेल, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मग आजोबा-पणजोबांच्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर, तहसीलमधलं जुनं कोतवाल बुक आणि जमिनीचे जुने कागद बघा. एखाद्या जुन्या ओळीत देशमुखाच्या आधीचं नाव लिहिलेलं सापडू शकतं.