बंदीनंतरचे विष

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला सनावळीची मोठी सवय. अमुक साली सुरू झाले, अमुक साली संपले, एवढे फळ्यावर लिहिले की आमचे काम झाले! पण एखादी गोष्ट सरकारी हुकुमाने खरोखर संपते का? आज एका रसायनाची हकिकत आपल्यापुढे ठेवतो. तीवरून आपणच ठरवा.

या रसायनाचे नाव पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, थोडक्यात पी.सी.बी. १९२९ साली अमेरिकेत त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. सहजी पेट घेत नाही, उष्णतेने बिघडत नाही, विजेला वाट देत नाही. असा गुणी पदार्थ कोणाला नको? विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, रंगांमध्ये, यंत्रांच्या तेलात तो जाऊन बसला. टिकाऊपणा हा त्याचा मोठा गुण. पुढे तोच दोष ठरला.

१९६६ साली स्वीडनचे रसायनज्ञ सोरेन येन्सेन प्राण्यांच्या शरीरात डीडीटी शोधत होते. सापडले भलतेच! माशांत आणि गरुडांत हे पी.सी.बी. मुरलेले होते. १९७९ साली अमेरिकेने उत्पादनावर बंदी घातली. २००१ साली स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. फळ्यावर लिहायचे तर प्रकरण येथे मिटले.

समुद्रात मात्र ते मिटले नव्हते. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, चरबीत साठते. सूक्ष्म जीवांतून ते लहान माशात जाते, तेथून मोठ्या माशात, मग सीलमध्ये आणि शेवटी ऑर्कामध्ये. ऑर्का म्हणजे किलर व्हेल. म्हणायला देवमासा, पण कुळाने डॉल्फिन. खाल्लेले अन्न पचते, हे विष पचत नाही. म्हणून दर पायरीला त्याची मात्रा वाढत जाते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑर्कांचा अभ्यास पीटर रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केला. सीलवर जगणाऱ्या नरांच्या चरबीत दर किलोग्रॅमला सरासरी २५१ मिलिग्रॅम पी.सी.बी. निघाले, माद्यांत अवघे ५९. मादीत एवढे कमी कसे? उत्तर ऐकून मन खिन्न होते. आई ते आपल्या दुधातून पिलाला देते! पहिल्या पिलाच्या वाट्याला तर सर्वांत अधिक येते.

जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नावाची मादी मृतावस्थेत सापडली. मासेमारीच्या दोरांत अडकून ती मेली होती. तिच्या चरबीत मात्रा होती ९५७. अपाय सुरू होण्याची मर्यादा शास्त्रज्ञ ९ धरतात. वय किमान वीस वर्षे, पण तिला एकही पिलू झालेले नव्हते. हे विष प्रजननशक्ती आणि रोगप्रतिकाराची शक्ती दोन्हींवर घाला घालते.

मग बंदी व्यर्थ गेली का? तसं मुळीच नाही. ती नसती तर अवस्था याहून वाईट झाली असती. पण बंदीने नवे उत्पादन थांबते, आधी सांडलेले परत येत नाही. भारतही २००६ पासून स्टॉकहोम कराराचा सभासद आहे. पी.सी.बी. असलेल्या उपकरणांचा वापर थांबवण्यासाठी त्या कराराने २०२५ साल ठरवले आणि उरलेल्या साठ्याची नीट विल्हेवाट लावण्यासाठी २०२८. तेव्हा एखादा जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात निघाला, की त्यातले तेल कुठे जाते, एवढे तरी आपण विचारू या. १९७९ हे साल मी आजही फळ्यावर लिहितो; पण त्याच्यापुढे 'समाप्त' असे लिहीत नाही.