मत आधी, उमेदवारी नंतर

जुन्नरला नगरपालिका आली 1861 मध्ये. खेड्यापाड्यांच्या कारभारात निवडणूक शिरली ती 1884 च्या लोकल बोर्ड कायद्याने. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावातून निघालेल्या या बोर्डांत काही जागा निवडून द्यायच्या होत्या, बाकीच्या सरकार भरणार होतं, आणि मताचा हक्क जमीन-मिळकतीशी बांधलेला होता. त्याच सुमारास ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी सत्यशोधक पद्धतीने, भटजीविना घरची लग्नं लावली आणि ग्रामजोशी हक्कासाठी कोर्टात गेले. वतनी मक्तेदारीला आव्हान द्यायला इथला शेतकरी तयार होता, पण बोर्डाच्या दारापर्यंत पोचत होता तो सारा भरणाराच. घाटमाथ्यालगतच्या वाड्यांमधल्या महादेव कोळी आणि ठाकरांना तिथे जवळपास वावच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली, त्याच वर्षी 1 मे रोजी जिल्हा परिषदा आल्या. तरी उमेदवार कोण, हे बहुतेक ठिकाणी भावकीच्या बैठकीतच ठरायचं. माझं म्हणणं एवढंच, की जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मत देण्याचा हक्क एका फटक्यात आला, पण उभं राहण्याचा हक्क तुकड्यातुकड्यांनी, आणि दरवेळी कायद्याच्या रेट्यानेच आला. 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आहुपे, असाणे, तिरपाड अशी पश्चिमेकडची गावं अनुसूचित क्षेत्रात गेली. पेसा कायद्याने 1996 मध्ये अशा गावांचं सरपंचपद आदिवासींसाठी राखलं. महिलांच्या जागा 2011 पासून निम्म्यावर गेल्या.

यावर आक्षेप येतो, की राखीव जागेवर नाव एकाचं, कारभार दुसऱ्याचा. असं घडतं, हे मान्य. पण पडद्यामागून कारभार हाकणं आरक्षणाने जन्माला घातलेलं नाही. पूर्वीही गावात सूत्रं एकाच्या हाती आणि सही दुसऱ्याची असायची. आज निदान ती सही करणारा माणूस वाडीतला असतो. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेत ठरतं, म्हणून त्या सहीला वजन आहे. दुसरा आक्षेप बिनविरोध निवडणुकीच्या कौतुकातून येतो: चुरस नको, गाव फुटतं. पण बिनविरोध म्हणजे कुणीतरी अर्ज मागे घेतलेला किंवा भरलेलाच नसतो. तो कुणाच्या सांगण्यावरून, हे गाव जाणून असतं. कागदावर मात्र त्याची नोंद कुठेच होत नाही. खरी अडचण आणखी खाली आहे. छाननीच्या टेबलावर जातीच्या दाखल्यासोबत वैधता प्रमाणपत्र, नाहीतर त्यासाठी केलेल्या अर्जाची पोच लागते, आणि आजोबांच्या काळचा शाळेचा दाखला नसलेल्या घराला ती कागदं जमवताना दम लागतो.