शापाच्या पोटात पवित्र

शिव्याशापांचा इतिहास आपल्याला कुणी शिकवत नाही. म्हणून पाळी सुटली की मी शब्दकोश घेऊन बसतो.

लॅटिनमध्ये शाप देणं म्हणजे 'एक्सेक्रारी'. हा शब्द फोडला की आत निघतो 'सकेर', म्हणजे पवित्र! पुढं 'एक्स' लागला आणि मधल्या 'अ'चा 'ए' झाला, एवढंच. पुरोहिताला म्हणत 'सकेर्दोस', तोही ह्याच घरातला.

मग पवित्राच्या पोटात शाप कसा? 'सकेर' म्हणजे देवाच्या हवाली केलेलं. वस्तू हवाली केली की ती पवित्र. माणूस हवाली केला की तो संपला. दुसऱ्या शतकातला कोशकार फेस्टुस सांगतो, असल्या माणसाचा बळी देता येत नाही. पण त्याला ठार मारणारा खुनी ठरत नाही.

आता गंमत बघा. इ.स.पूर्व ४५०च्या सुमाराच्या रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात 'सकेर' कुणाला ठरवलंय? आश्रिताला फसवणाऱ्या धन्याला!

फ्रेंचमधला 'साक्रे' ह्याच कुळातला. नामाच्या मागून आला तर पवित्र, नामाच्या आधी आला तर शिवी.

म्हणून सांगतो, जन्मानं कुणी पवित्र नसतो की शापित नसतो. हवाली करणारा हात कुणाचा, तेवढं विचारा.