केविन हार्विक यांचा पदार्पणाचा हंगाम (२००१)

केविन हार्विक या अमेरिकन शर्यतपटूंनी २००१ साली नॅसकारच्या विन्स्टन कप या सर्वोच्च स्टॉक कार मालिकेत पदार्पण केले. १८ फेब्रुवारी रोजी डेटोना ५०० शर्यतीच्या अखेरच्या फेरीतील अपघातात डेल अर्नहार्ट यांचे निधन झाले. रिचर्ड चिल्ड्रेस यांच्या संघात त्यांची जागा हार्विक यांना मिळाली. गाडीचा क्रमांक ३ ऐवजी २९ आणि काळा रंग बदलून पांढरा करण्यात आला. रॉकिंगहॅम येथे हार्विक चौदावे, तर लास व्हेगास येथे आठवे आले. ११ मार्च रोजी अटलांटा येथे, आपल्या तिसऱ्याच शर्यतीत, त्यांनी जेफ गॉर्डन यांच्यावर ०.००६ सेकंदांनी मात केली आणि गाडीच्या खिडकीतून तीन बोटे उंचावून अर्नहार्ट यांना अभिवादन केले. जुलैमध्ये शिकागोलँड येथेही ते जिंकले. हंगामाअखेर गुणतालिकेत नववे स्थान मिळवून ते वर्षातील सर्वोत्तम नवोदित चालक ठरले.