'कंपनीचा' स्पीकर म्हणजे नेमका कोणाचा? जुन्या स्पोर्ट्स कार आणि मुंबई–गोवा रस्ता

जुन्या स्पोर्ट्स कारमधले कंपनीने बसवलेले स्पीकर काढून नवे बसवावेत की जसे आहेत तसे जपावेत, हा जुन्या मोटारींच्या शौकिनांमधला कधीही न मिटणारा वाद आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यात पडावे असे कारण एकच: 'कंपनीचे' हा शब्द. अमेरिकेत या शब्दाला निश्चित अर्थ आहे. आपल्याकडे तो तपासून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी महाड-पोलादपूरवरून जाणारा रस्ता सोयीचा आहे.

हा रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आताचा ६६. अनेकांना ठाऊक नसते की भारतातल्या मोजक्या स्पोर्ट्स कारपैकी दोन याच पट्ट्यात जन्मल्या. रायगड जिल्ह्यातच, वडखळहून अलिबागकडे जाताना लागणाऱ्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर उघडी रोडस्टर बांधली. तिच्यात इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन होते. दुसरी गोव्यात, १९९८ साली बाजारात आलेली सॅन स्टॉर्म: दोन आसने, उघडता येणारे छत, फायबरग्लासची काया आणि रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन. दोन्ही अगदी थोड्या संख्येने बनल्या. गोव्यातली गाडी मुंबईला जायची तर कशेडी उतरून पोलादपूर, महाड हाच मार्ग.

आता थोडे मागे जाऊ. आजही वापरात असलेला फिरत्या कॉईलचा स्पीकर चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. पाचच वर्षांत, १९३० मध्ये, गॅल्विन कंपनीने मोटारीत बसणारा रेडिओ विकायला काढला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. १९५५ मध्ये क्रायस्लरने ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ आणला, त्याच्या पुढच्या वर्षी तर मोटारीत चक्क रेकॉर्ड प्लेयर बसवला (खड्ड्यात सुई उडते हे शिकायला त्यांना फार काळ लागला नाही). १९६५च्या शरदात फोर्डने मस्टँगसह काही गाड्यांसाठी आठ ट्रॅकचा टेप देऊ केला. तोवर मस्टँगमध्ये डॅशबोर्डच्या माथ्यावर एकच स्पीकर असे.

खरे वळण आले १९८०च्या दशकाच्या आरंभी. अमर बोस यांच्या कंपनीने जनरल मोटर्सबरोबर विशिष्ट गाडीसाठीच आखलेली ध्वनिव्यवस्था तयार केली आणि ती लवकरच १९८४च्या कॉर्व्हेटमध्येही आली. अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक होते, हा या कथेतला आपला धागा. या व्यवस्थेत प्रत्येक स्पीकरला स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि स्वतःची पेटी होती आणि स्पीकरचा रोधही नेहमीच्या ४ ओमपेक्षा बराच कमी ठेवलेला होता. त्यामुळे असा एक स्पीकर फाटला म्हणून बाजारातला ४ ओमचा आणून जोडला, तर आवाज क्षीण होतो आणि बाकीच्या तिघांशी जुळत नाही. तिथे 'कंपनीचा आवाज' ही खरोखर एकसंध वस्तू होती. म्हणूनच ती जपावी की मोडावी, या वादाला तिथे धार आहे.

भारतात चित्र वेगळे होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडे ती बहुधा मुकीच. मारुती ८००चीही गत निराळी नव्हती. गाडी घ्यायची आणि मग लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन टेप बसवून घ्यायचा, अशी रीत. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेले सहा बाय नऊ इंचांचे लंबगोल स्पीकर हे या रीतीचे चिन्ह. त्याआधीच्या पिढीत तर रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. ती पद्धत १९८०च्या दशकात संपली. त्याच सुमारास कॅसेट आली आणि कोकणात तिने फार लवकर घर केले. महाड, म्हसळा, श्रीवर्धनची कितीतरी माणसे आखातात नोकरीला होती. सुटीवर येताना त्यांच्या सामानात जपानी टेपरेकॉर्डर असे. शिवाय घाटरस्त्यात रेडिओ टिकत नाही. डोंगराआड गेले की केंद्र विरते. कॅसेटला डोंगराची पर्वा नव्हती.

आता आपल्या दोन स्पोर्ट्स कारकडे परत येऊ. इतक्या कमी गाड्या बांधणाऱ्या कारखान्याला स्वतःचा स्पीकर घडवणे परवडत नाही. म्हणजे अशा गाडीत जे काही वाजत आले, ते कोणी बसवले असले तरी मुळात बाजारातलेच. माझ्या मते भारतीय स्पोर्ट्स कारचा 'मूळ' आवाज हा बाजाराचाच आवाज आहे, आणि म्हणूनच तो अधिक सहज फेकला जातो. कॉर्व्हेटचा मालक बोसची पेटी फेकताना दहादा विचार करतो. इथला मालक १९९८चा स्पीकर भंगारात टाकताना एकदाही करत नाही, कारण त्यावर गाडीच्या कंपनीचे नाव नसते.

फायबरग्लासमुळे आणखी एक गंमत होते. पत्र्याच्या गाडीत सारी काया बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असते, तेव्हा अर्थिंगची तार कुठेही पत्र्याला स्क्रूने कसली की काम होते. फायबरमधून वीज वाहत नाही. प्रत्येक तार धातूच्या सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर अडवायलाही पत्रा नसतो. १९५३ साली फायबरग्लासची काया घेऊन आलेल्या कॉर्व्हेटला हाच त्रास होता. रेडिओ असलेल्या गाड्यांत इग्निशनवर धातूची आवरणे चढवली जात. आपल्या एखाद्या इलेक्ट्रिशियनने अशा गाडीत टेप नीट वाजवला असेल, तर हे कोडे त्याने स्वतः सोडवलेले असते. त्या जोडणीचा आराखडा कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. तो फक्त त्या तारांमध्ये असतो.

आणि या तारा-स्पीकरांचा मोठा शत्रू म्हणजे आपली हवा. महाड-पोलादपूरला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. स्पीकरच्या कागदी कोनाभोवती मऊ फोमचे कडे असते. ते पॉलियुरेथेनचे असेल तर दमट हवेतील बाष्पाने त्याचे विघटन होते आणि पंधरा-वीस वर्षांत बोट लावताच त्याचा भुगा होतो. विरोधाभास असा की साठच्या दशकातल्या स्पीकरांना कागदाची किंवा कापडाची चुणीदार कड असे. त्यामुळे मस्टँगचा स्पीकर आजही धड असू शकतो आणि त्याच्यानंतर वीस वर्षांनी बनलेला फाटलेला. पुराची तर गोष्टच निराळी. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तिथे उगम पावणारी सावित्री आणि तिला मिळणारी गांधारी यांनी महाड बुडवले. दाराच्या तळाशी असलेला स्पीकर अशा वेळी सर्वांत आधी पाण्यात जातो. गाळ कॉईल आणि मॅग्नेटच्या केसाएवढ्या फटीत शिरला की मग तो वाजत नाही, खरवडतो.

तेव्हा बदलू नका असा सल्ला मी देणार नाही. बदलण्याच्या रीतीबद्दल मात्र आग्रह आहे. केवळ कडे गेले असेल आणि कॉईल शाबूत असेल, तर नवे कडे चिकटवून तोच स्पीकर पुन्हा उभा राहतो. गणपतीच्या आधी मंडपवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर हे काम ओळखतात. नवा घालायचाच असेल तर दाराचे भोक कापून मोठे करू नये, प्लायवुडची कडी करून त्यात बसवावा. फायबरग्लासला थेट स्क्रू मारला की तडा जातो; मागे पट्टी आणि वायसर द्यावा. जुन्या तारा तोडू नयेत, नव्या शेजारून ओढाव्यात. आणि काढलेला स्पीकर, कोणत्या दारातला, कोणत्या साली काढला, हे चिठ्ठीवर लिहून कोरड्या डब्यात ठेवावा. शक्य झाल्यास आधी गाडीतच एखादे गाणे वाजवून ते रेकॉर्ड करावे.

हे अवडंबर वाटेल, पण कायद्याकडे पाहा. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यात लक्ष सांगाडा, काया, इंजिन यांवर आहे. स्पीकरची दखल नाही. पहिली सॅन स्टॉर्म या पात्रतेला पोहोचेल २०४८ साली. तोवर तिच्या मूळ फोमचा मागमूस उरणार नाही. उरलाच तर मॅग्नेटमागचा शिक्का उरेल, कोणत्या कंपनीचा आणि किती ओमचा हे सांगणारा, आणि क्वचित सोबत दुकानाची चिकटपट्टी. तुमच्या घरी किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये असा काढून टाकलेला स्पीकर पडून असेल, तर त्याच्या मागच्या बाजूचा फोटो या धाग्याखाली टाका.