अर्धस्वयंचलित रायफल आणि वंगणाचा प्रश्न

शस्त्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा शोधकाच्या नावाकडे व ते शस्त्र सेनेत दाखल झाल्याच्या सालाकडे लागलेले असते. शिपायाच्या हाती गेल्यावर ते कसे पुसले जाई, त्यास तेल कोठे लागे व कोठे लागता कामा नये, हा विषय कवायतीच्या पुस्तकांवर सोपविला जातो. अर्धस्वयंचलित रायफलीच्या बाबतीत मात्र ही विभागणी टिकत नाही. अमेरिकेच्या एम-१ ऊर्फ गॅरंड रायफलीचा इतिहास तपासला असता असे दिसते की, वंगणाचा प्रश्न हा रचनेच्या प्रश्नाचाच एक भाग होता.

काडतूस आणि चरबी हे शब्द एकत्र आले की, भारतीय वाचकास १८५७ सालाची आठवण होते. त्या काळची एन्फील्ड बंदूक तोंडाकडून भरावी लागे. आटे पाडलेल्या नळीतून गोळी सुलभपणे खाली उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदी वेष्टनास चरबी लावीत. पुढे पितळी पुंगळीची काडतुसे व मागून भरावयाच्या बंदुका आल्या, तेव्हा काडतूस माखण्याची ही गरज उरली नाही. परंतु विसाव्या शतकात रायफल स्वतःच्या शक्तीने भरण्याचे प्रयत्न सुरू झाले, आणि हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुन्हा उपस्थित झाला.

पहिल्या महायुद्धानंतर मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेत दोन संशोधक ह्या कामी गुंतले होते. जॉन पेडरसन ह्यांच्या रायफलीत बोल्ट पक्का अडकविलेला नसे. गुडघ्याप्रमाणे दुमडणारा एक सांधा त्याच्या मागे सरकण्यास विलंब लावी. नळीत दाब असतानाच बोल्ट हलू लागत असल्यामुळे फुगलेली पुंगळी कोठीच्या भिंतीस घट्ट धरून बसण्याचा संभव होता. ह्यावर उपाय म्हणून पेडरसन ह्यांनी काडतुसांवर कोरड्या, कठीण मेणाचा अतिशय पातळ थर देण्याची युक्ती योजिली. जॉन गॅरंड ह्यांचा मार्ग वेगळा होता. त्यांचा बोल्ट वळून पक्का अडकत असे, आणि गोळी सुटल्यावर थोडासा वायू दट्ट्यावर येऊन दाब उतरल्यानंतरच त्यास मोकळा करी. म्हणून त्यांना साधे, कोरडे काडतूस पुरे होई.

माखलेल्या काडतुसास धूळ चिकटेल, अशी शंका लष्करी अधिकाऱ्यांना येत असे. शिवाय ते काडतूस खास तयार करावे लागणार होते. तथापि केवळ ह्या आक्षेपामुळे पेडरसन ह्यांची रायफल मागे पडली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १९३२ साली सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर ह्यांनी ०.२७६ इंची काडतूस नाकारून, ज्याचा मोठा साठा हाताशी होता ते ०.३० इंची काडतूसच कायम ठेवले. पेडरसन ह्यांची रायफल लहान काडतुसाशी बांधलेली होती. गॅरंड ह्यांची रचना मोठ्या काडतुसास मानवली, आणि ९ जानेवारी १९३६ रोजी ती एम-१ ह्या नावाने स्वीकारण्यात आली.

येथे वंगणाचा इतिहास संपत नाही. तो काडतुसावरून यंत्रात शिरतो, एवढेच. एम-१ मध्ये बोल्टाचा एक दात चालक-दांड्याच्या खाचेत फिरतो, आणि सर्वाधिक घर्षण तेथेच होते. संततधार पावसात तेथील पातळ तेल धुऊन जाई, धातूवर धातू घासे आणि बोल्ट अडकून बसे. अखेर पाण्याने न धुपणारे दाट ग्रीस वापरण्यात आले, व त्याची एक चिमुकली डबी शिपायास मिळू लागली. ह्याउलट कोठी व काडतुसे मात्र कोरडी ठेवावी लागत. कारण तेलकट पुंगळी कोठीच्या भिंतीस धरीत नाही, व बोल्टावर अधिक जोर येतो. पेडरसन ह्यांच्या रचनेत जे आवश्यक होते, तेच गॅरंड ह्यांच्या रचनेत निषिद्ध ठरले.

सफाईचेही असेच आहे. त्या काळच्या ०.३० इंची काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत एक क्षार उरे. तो हवेतील ओलावा ओढून घेई व पोलादास गंज चढवी. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून नुसते तेल फिरविणाऱ्या शिपायाची नळी वरून चकचकीत दिसली, तरी आतून खाल्ली जाई. आधी पाण्याने अथवा पाणी असलेल्या द्रावणाने धुणे, मग कोरडे करणे व शेवटी तेल लावणे, हाच योग्य क्रम होता. पण अतिउत्साहही घातकच होता. ह्या रायफलीची नळी पुढच्या तोंडाकडूनच साफ करावी लागते. निष्काळजीपणे गज घासल्याने नळीचे तोंड झिजून नेम बिघडलेल्या रायफली पुष्कळ आढळतात.

हवामान बदलले की नियमही बदलत. १९५० च्या हिवाळ्यात कोरियातील चोसिन जलाशयाच्या परिसरात पारा शून्याखाली ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला. तेथे तेलच घट्ट होऊन यंत्र मंदावू लागले, आणि तेल जवळजवळ पुसून टाकणे हेच शहाणपणाचे ठरले.

ह्या अनुभवाचा विसर पडल्याची किंमत पुढे व्हिएतनाममध्ये द्यावी लागली. तेथे दिलेली एम-१६ ही पूर्ण स्वयंचलितही चालणारी रायफल होती. तिला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला होता. सफाईचे साहित्यही अपुरे पोहोचले. त्यातच काडतुसांतील दारू बदललेली होती, व कोठीस क्रोमचा मुलामा नव्हता. अडकलेल्या रायफली हाती असलेले सैनिक मारले गेले, आणि १९६७ साली अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीस त्याची चौकशी करावी लागली. त्यानंतर कोठीस मुलामा आला, साहित्य पोहोचले, आणि सफाईचे शिक्षण देणाऱ्या सचित्र पुस्तिकाही निघाल्या.

भारतीय सेनेने १९६२ च्या युद्धानंतर स्वीकारलेल्या, इशापूर येथे बनणाऱ्या ७.६२ मि.मी. एसएलआर रायफलीत वायू कमी-अधिक करण्याची कळ शिपायाच्याच हाती होती. काजळी साचली तर दट्ट्याकडे अधिक वायू सोडता येई. शस्त्र मलिन होणारच, हे येथे रचनाकाराने आधीच गृहीत धरले होते.

तात्पर्य, अर्धस्वयंचलित रायफल ही रचनाकार व शिपाई ह्यांची संयुक्त निर्मिती होय. किती वंगण, कोठे व केव्हा, ह्याचे उत्तर एक देतो आणि दुसरा रोज अंमलात आणतो. ह्या दुव्याची नोंद न घेणारा शस्त्रांचा इतिहास, रायफल का चालली हे कदाचित सांगू शकेल. ती ऐन वेळी का अडली, हे मात्र त्यास सांगता येणार नाही.